आठ चाकांचं वृंदावन

मी हातात घेतलेलं काम फसलं, असं आख्ख्या जांबे गावात कुणी सांगावं! माझी पुरणपोळी फुटत नाही, लोणचं नासत नाही, आणि अठ्ठावीस वर्षांत नवरासुद्धा बिघडू दिलेला नाही. त्यामुळे कासवासाठी फिरती बाग बनवायची असं मी ठरवलं, तेव्हा ती बनणार, चांगली बनणार आणि गाव बघत राहणार, याबद्दल माझ्या मनात तिळाएवढी शंका नव्हती. तिन्ही गोष्टी खऱ्या झाल्या. विशेषतः तिसरी!

आधी कासवाचं सांगते. नाही, थांबा, आधी कीर्तनाचं सांगते. माझं सगळं तिथूनच सुरू होतं.

मला कीर्तनाचं वेड आहे. पंधरा-वीस किलोमीटरांत कुठे सप्ताह बसला, की मी तिथे, पुढून दुसऱ्या रांगेत. मृदंगावर पहिली थाप पडली की माझी गुडघेदुखी उठून मंडपाबाहेर जाऊन बसते. पण नुसतं ऐकून माझं अर्धंच पोट भरतं. दुसऱ्या दिवशी ते कीर्तन कुणाला तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत, चालीसकट, महाराजांच्या हातवाऱ्यांसकट सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. आमचे हे दुसऱ्या वाक्याला घोरायला लागतात. नाव विठ्ठलराव, आणि उभं राहायचं सोडून कायम आडवे!

म्हणून मला मृण्मयी मिळाली तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. मृण्मयी आमची वरच्या मजल्यावरची भाडेकरू. अमरावतीची पोर, हिंजवडीत कंपनीत नोकरीला. रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन आमच्या जिन्यात येऊन बसायची, केस मोकळे सोडलेले, डोळे अर्धे मिटलेले, आणि मी सांगेन ते ऐकायची. एका शब्दाने मध्ये बोलायची नाही. मान तेवढी डोलवायची. आणि अगदीच रंगली तर, "येस, अ‍ॅब्सोल्युटली!" म्हणायची. मला तर भरूनच यायचं. असा श्रोता महाराजांनाही मिळत नाही हो!

तिच्या शेजारी पायरीवर टर्बो असायचा. टर्बो म्हणजे तिचं कासव. परातीएवढी पाठ आणि वजन पाट्या-वरवंट्याएवढं. "काकू, आपल्याकडची कासवं पाळायला बंदी आहे," तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "हा आफ्रिकेकडच्या जातीचा. याची सरकारदरबारी रीतसर नोंद आहे." तिने कागद दाखवला. विठ्ठलरावांनी तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "मला रेशनकार्डावर नाव चढवायला दोन वर्षं लागली!"

तळहातावर मावायचा तेव्हापासून तिने त्याला वाढवलेला. नोकरी बदलली, शहर बदललं, खोल्या बदलल्या, टर्बो बरोबर. आणि त्याच टर्बोमुळे ती आता चालली होती.

"काकू, वरच्या खोलीत याला ऊन नाही, गवत नाही," ती म्हणाली. "पाठ मऊ पडेल त्याची. महाळुंग्याला एक जागा बघितलीय, खाली छोटी बाग आहे. बहिणीच्या लग्नाहून आले की नक्की करते. तोवर दहा दिवस याला सांभाळाल?"

ती गेली तर मी कीर्तन सांगू कुणाला? भिंतीला?

"सांभाळेन तर!" मी म्हटलं. "आणि तू येशील तेव्हा त्याची बाग इथेच असेल. महाळुंग्याला फोन करू नकोस!"

आमच्याकडे मागे गवताचा तुकडा आहे, पण तिथे ऊन सकाळी येतच नाही. सकाळचं ऊन पुढे गेटापाशी. दुपारचं विहिरीजवळ. म्हणजे बाग हवी ती फिरती! मी डोकं चालवलं. माळ्यावरची जुनी लोखंडी खाट काढली, तिच्या पट्ट्या कापल्या, राहिली नुसती चौकट. चारही बाजूंना दीड-दीड फूट उंचीच्या फळ्या. तळ नाहीच, म्हणजे जिथे ढकलू तिथलं गवत त्याचं. पुढच्या फळीत एक जाळीची खिडकी, हवेला. एका कोपऱ्यात अर्धा फुटका रांजण पालथा घालून चौकटीला बांधला, ती त्याची खोली. आणि खाली चाकं.

चाकांसाठी मी नबीलालभाऊंकडे गेले. त्यांचं भंगाराचं दुकान हिंजवडीच्या रस्त्याला. एखादी कंपनी उठली की तिथल्या फिरत्या खुर्च्या त्यांच्या दारात येऊन पडतात.

"ताई, ही ब्रेकवाली घ्या," नबीलालभाऊ म्हणाले. "पायानं दाबलं की चाक जाग्यावर."

"नबीलालभाऊ, आत कासव ठेवायचंय. घोडा नाही!"

"तुमी म्हनताय ती मॅनेजरच्या खुर्चीची हायेत ताई. लई गुळगुळीत. नुसतं फुंकलं तरी पळत्यात."

"पळू देत. कासव किती पळणार?"

नबीलालभाऊंनी मान हलवली आणि बिनब्रेकची आठ चाकं पिशवीत घालून दिली. जाताना पुन्हा म्हणाले, "ताई, इचार करा." मी हसले. अजूनही ते हसणं आठवलं की स्वतःच्याच गालफडात द्यावीशी वाटते.

मग लागवड. तेलाचे रिकामे डबे उभे चिरून त्यांच्या लांबट कुंड्या केल्या आणि फळ्यांना आतून-बाहेरून अडकवल्या. आतल्या बाजूला त्याच्या खाण्याचं: दूर्वा, घोळ, जास्वंद. बाहेरून, रस्त्यावरून दिसेल तिकडे, तुळस. कासव तुळशीला तोंड लावत नाही, पण दारात काही उभं करायचं आणि त्यात तुळस नाही, म्हणजे मला कसंतरीच होतं. वरून जाळी टाकली, जाळीवर गोकर्णीचा वेल सोडला. तरी फळ्या उघड्या-बोडक्या दिसत होत्या. मागच्या दिवाळीचा गेरू उरला होता, तो फासला. गेरू फासल्यावर पांढरा रंग हवाच. आणि पांढरा रंग हातात आला की माझ्या हातून दुसरं काय लिहिलं जाणार? पुढच्या फळीवर ठसठशीत अक्षरांत 'रामकृष्णहरी'!

विठ्ठलरावांनी कमरेवर हात ठेवून बघितलं. "हा कासवाचा पिंजरा आहे का कुणाची समाधी?"

"शुभ बोला!"

पहिल्याच दिवशी एक गोष्ट घडली होती, ती मी मनावर घ्यायला हवी होती. टर्बोला खिडकीच्या जाळीतून काकडी दिसली. काकडी म्हणजे त्याचा जीव की प्राण. त्याने फळीला डोकं लावलं, पाय रोवले आणि आख्खी बाग वीतभर पुढे सरकली.

"बघा!" मी टाळी वाजवली. "स्वतःची बाग स्वतः नेतो! आता ढकलायचेही कष्ट नाहीत!"

नऊ दिवस दृष्ट लागावी असे गेले. टर्बो उन्हात बसायचा, घोळ खायचा, रांजणात झोपायचा. आणि त्याच आठवड्यात आमच्या गावात मारुतीच्या देवळात सप्ताह! म्हणजे मी सुखाच्या शिखरावरच होते म्हणा.

दहावा दिवस म्हणजे सप्ताहाचा शेवटचा. सकाळी टाळ-मृदंगात गावप्रदक्षिणा, मग दहा वाजता एकनाथमहाराजांचं काल्याचं कीर्तन, मग काला. काल्याची काकडी माझ्याकडे होती. आदल्या संध्याकाळीच तीन टोपल्या देवळात पोचवून आले होते. मृण्मयीची बस दुपारपर्यंत येणार होती. सगळं कसं हिशोबात! मी बाग गेटाबाहेर, रस्त्याकडेच्या उन्हात ढकलली, टर्बो रांजणात डाराडूर झोपल्याची खात्री केली, गॅलरीत पेपर वाचणाऱ्या यांना "लक्ष ठेवा हो!" म्हणून ओरडले आणि आंघोळीला गेले.

न्हाणीघरात असतानाच प्रदक्षिणा दारावरून गेली. टाळांचा आवाज आला, मी आतूनच हात जोडले. दारापाशी दिंडी जरा जास्तच थांबली, तेव्हा मला वाटलं, केवढं भाग्य!

काल्याचा दिवस म्हणून डोक्यावरून न्हाऊन, साडी नेसून बाहेर यायला मला चांगलाच वेळ लागला. गेटाबाहेर ऊन होतं. उन्हात काहीही नव्हतं.

"अहो! बाग कुठाय?"

"नेली," पेपरमागून उत्तर आलं.

"कुणी?"

"तुझीच माणसं. सप्ताहवाला गेणबा म्हणाला, वहिनींनी दिंडीसाठी काय झकास तुळशीवृंदावन केलंय, चाकंबिकं लावून. डोक्यावर घ्यायला नको. नेऊ का? मी म्हटलं, न्या की!"

"अहो, आत टर्बो!"

पेपर खाली आला. "तो या वेळेला रांजणात झोपलेला असतो ना?"

"रांजण बागेतच आहे!"

यांचा चेहरा पहिल्यांदा जागा झाला. "मला वाटलं, तू काढून ठेवला असशील. तू सांगितलंस लक्ष ठेव. मी ठेवलं. नीट बघितलं, कोण नेतंय ते."

मी अर्ध्या ओल्या केसांनी धावत सुटले. आमच्या घरापासून देवळापर्यंत नवा सिमेंटचा रस्ता आहे, पोळपाटासारखा गुळगुळीत. त्यावरून कंपन्यांच्या कॅब आणि बांधकामांचे काँक्रीटचे मिक्सर असे जातात की माणसानेसुद्धा जीव मुठीत धरून चालावं. दर मिक्सरला माझ्या डोळ्यांपुढे मृण्मयी यायची. लग्नघरची मेंदी लागलेले हात पुढे करून विचारणारी, "काकू, माझा टर्बो?"

वाटेत जो तो मला नमस्कार करत होता! देवळाच्या कमानीत धोंडाबाई भेटल्या. पंच्याहत्तरीच्या, सप्ताहातल्या सगळ्या बायकांच्या पुढारी. मला बघताच त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

"शुभांगे, काय केलंयस गं! आमी ढकलत हुतो तवर ठीक. मग हात काढला तरी बी ते आपसूक चालतंया! अंगावर काटा आला बग!"

माझ्याही आला. म्हणजे टर्बो जागा होता!

"धोंडामावशी, आत कासव आहे!"

"आसनारच की. देवापुढं कासव असतंयच."

"अहो, दगडाचं नाही! जिवंत आहे, जिवंत!"

"जिवंत म्हनू न्हाई बाई. जागृत म्हनावं," असं म्हणून त्यांनी मला हाताला धरून मंडपात नेलं आणि बायकांच्या रांगेत मध्यभागी बसवलं.

समोर बघितलं. महाराजांच्या पुढ्यात माझी बाग! झेंडूच्या माळा घातलेली, उदबत्त्या लावलेली, फळीवरच्या 'रामकृष्णहरी'वर हळदीकुंकू वाहिलेलं. आणि कीर्तन उभं राहिलेलं. कीर्तन चालू असताना महाराजांच्या समोरून आडवं जायचं नाही, हा नियम. आणि तो मोडणाऱ्या किती जणांना मी स्वतः हात धरून खाली बसवलंय! आता उठू कशी?

"मावशी, गेणबांना निरोप द्या ना. बाग बाजूला घ्या म्हणावं."

"गप गं. गेणबा तुलाच शाल-नारळ देनार हाय, काला झाल्यावर. लाजू नगं."

एकनाथमहाराज रंगात आले होते. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी डोळे मिटून डोलले असते. आज डोळे फाडून जाळीच्या खिडकीकडे बघत होते. तिच्यातून एक सुरकुतलेलं नाक बाहेर आलं. नाक डावीकडे वळलं. उजवीकडे वळलं. आणि थांबलं.

उजवीकडे मंडपाच्या कडेला दहीहंडी टांगली होती. हंडीखाली लाह्यांची पोती. पोत्यांशेजारी माझ्या तीन टोपल्या. नुकतीच चिरून ठेवलेली, हिरवीगार, ओली काकडी! टोपल्यांच्या पलीकडे पटांगणाचा उतार. आणि उताराच्या पायथ्याशी तो रस्ता.

"अरे बाबांनो," महाराजांनी आवाज चढवला, "तुमचं चित्त कसं पाहिजे? या तुळशीसारखं! एका जागी रोवलेलं! इकडे नाही, तिकडे नाही, हलायचं म्हणून नाही..."

तुळस हलली.

महाराज थांबले. मृदंगावरचा हात वरच्या वर राहिला. तुळस टाळकऱ्यांच्या दोन ओळींमधून, झेंडूच्या माळा डोलवत, सावकाश, ऐटीत, उजवीकडे निघाली. टाळकरी मागे सरले. सगळ्या मंडपाने एक श्वास घेतला तो सोडलाच नाही. आणि मग कुणीतरी हुंदका देऊन ओरडलं, "माऊली!"

झालं! "माऊली, माऊली!" म्हणत पाचशे माणसं उभी राहिली. गेणबा मोबाईल वर धरून रडत होता. धोंडाबाई तुळशीपुढे सपशेल आडव्या झाल्या. तुळशीने त्यांना अलगद वळसा घातला आणि त्याबरोबर आणखी चौघी आडव्या झाल्या. मला तर वेगळंच दिसत होतं. बाग टोपल्यांपाशी पोचली. तिचा धक्का पहिल्या टोपलीला लागला. टोपली उतारावर कलंडली, काकडीचे तुकडे घरंगळत रस्त्याकडे निघाले. आणि मॅनेजरच्या खुर्चीची आठ चाकं त्यांच्या मागोमाग उताराला लागली!

खालून मिक्सरचा हॉर्न वाजला.

मी उठले. महाराजांच्या समोरून, अगदी पुढ्यातून, पदर खोचून, एका विणेकऱ्याला धक्का देऊन आडवी धावले आणि उतारावर बागेच्या फळीला पोटाशी कवटाळून खाली बसले. चपलांच्या ढिगात दोन्ही टाचा रोवल्या. ढिगासकट चार हात घसरले आणि थांबले. मिक्सर धुरळा उडवत समोरून निघून गेला.

"धरा कुणीतरी!" मी किंचाळले. "बघत काय राहिलात?"

"वहिनी," गेणबा लांबूनच हात जोडून म्हणाला, "आमी कसं धरावं? देवाच्या मर्जीनं चाललंय."

"हा चमत्कार नाही हो! माझ्या भाडेकरूचं कासव आहे!"

मंडप चिडीचूप झाला. इतका, की आतून काकडीचा कचाकचा आवाज स्पष्ट ऐकू आला. मी मान खाली घातली. शाल गेली, नारळ गेला, आणि पुढून दुसऱ्या रांगेतली जागाही गेली असं समजून चालले. धोंडाबाई उठून बसल्या. "म्हंजी मी कासवापुढं लोटांगन घातलं व्हय गं?"

महाराज चालत उतारापर्यंत आले. वाकले. गोकर्णीचा वेल बाजूला केला. टर्बोने तोंडात काकडी धरून त्यांच्याकडे वर बघितलं. पाठीवर हळदीकुंकू, मानेवर झेंडूची एक पाकळी.

मग महाराज मंडपाकडे वळले आणि खदाखदा हसले.

"काय चुकलं रे तुमचं? वरची हिरवळ चालली म्हणून तुम्ही हात जोडलेत. आत चालवणारा कोण, ते बघायला एकटी ही बाई उठली! तुमचं-माझं तेच चाललंय. वरच्याला माळा, आणि आतला बिचारा उपाशी!" त्यांनी चिपळ्या वाजवल्या. "काल्याचा पहिला घास कुणाला?"

"कासवाला!" पाचशे जण ओरडले.

"नुसती काकडी हं महाराज," मी खालून म्हटलं. "दही त्याला चालत नाही!"

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला आणि डोळ्यांतून पाणी आलं. तेवढ्यात कमानीतून बॅग ओढत मृण्मयी आली. घरी कुणी नाही म्हणून मृदंगाच्या आवाजाच्या दिशेने आलेली. समोर काय, तर टर्बो हळदीकुंकू लावून काल्याच्या टोपलीसमोर, त्याला एकनाथमहाराज काकडी भरवतायत, आणि मी चपलांच्या ढिगात बसून रडतेय.

"काकू?"

मी सगळं सांगितलं. काहीही न वगळता, ब्रेकसकट. सांगून होईस्तोवर तिच्या तोंडाकडे बघायचा मला धीर झाला नाही. बघितलं तर पोरगी हसून हसून बॅगेवर बसली होती. तिने टर्बोचे पाय तपासले, मान तपासली, पाठीवरचं हळदीकुंकू ओढणीने पुसलं. "काकू, याची पाठ किती छान टणक झालीय! दहा दिवसांत?"

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे महाळुंग्याला नाही म्हणून कळवते."

देवा! मला तिथेच फुगडी घालावीशी वाटली. संध्याकाळी जिन्यात चहा घेताना मी न राहवून विचारलं, "खरं सांग पोरी, तू थांबलीस ती माझ्या कीर्तनासाठीच ना?"

मृण्मयीने कप खाली ठेवला आणि केस मागे सारले. दोन्ही कानांत पांढरी, शेंगदाण्याएवढी बोंडं होती.

"काकू, रागावू नका हं. संध्याकाळी माझ्या ऑफिसच्या मीटिंगा असतात. वर रेंज नाही, जिन्यात येते. पण टर्बो ऐकतो! तुम्ही चाल लावलीत की डोकं बाहेर काढतो. शपथ! तुमच्यासाठी नाही, पण त्याच्यासाठी मला थांबायलाच हवं."

दारातल्या बाकावर आडवे असलेले विठ्ठलराव पहिल्यांदाच उठून बसले. "कासवाला कान असतात का गं?"

"बाहेरून दिसत नाहीत, काका."

"म्हणजे इतके दिवस हिचं ऐकणारा एकच, आणि त्यालाही कान दिसत नाहीत!" म्हणून ते जे हसायला लागले ते अजून अधूनमधून हसतात.

हसू देत. बागेला आता ब्रेकवाली चाकं आहेत. नबीलालभाऊ स्वतः बसवून गेले, एक शब्द न बोलता, आणि तेच जास्त लागलं. मी रोज संध्याकाळी टर्बोसमोर पाट टाकून बसते आणि पहिल्यापासून सांगायला लागते. माणसांपेक्षा बरा श्रोता आहे हो. कंटाळून उठून निघाला तरी त्याला गेटापर्यंत पोचायला इतका वेळ लागतो, की तोवर माझं निम्मं निरूपण झालेलं असतं!